धुतलेली शर्यत

गाडी पूर्ण झाली त्या रविवारी मी ती जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि आईला हाक मारली. सहा महिने माझ्या खोलीतून थिनरचा वास येत होता, रात्री अकराला कॉम्प्रेसर खडखडत होता. या सगळ्याचं काहीतरी फळ तिला दाखवणं भाग होतं. गाडी म्हणजे १९८८ ची मॅक्लारेन एमपी४/४. टामिया या जपानी कंपनीचं किट, प्रमाण १/२०, म्हणजे लांबी साधारण वीतभर. रंग लाल आणि पांढरा. आयर्टन सेना आणि अलँ प्रोस्त या दोघांनी त्या वर्षीच्या सोळापैकी पंधरा फॉर्म्युला वन शर्यती हिच्यात बसून जिंकल्या, वगैरे भाषण मी तयारच ठेवलं होतं.

आईने चष्मा कपाळावर सरकवला, वाकून पाहिलं आणि म्हणाली, "अरे, हे तर दादाच्या सिगारेटचं पाकीट!"

दादा म्हणजे माझा थोरला मामा. तो बोटीवर नोकरीला होता. सुट्टीवर आला की त्याच्या बॅगेतून ही लाल-पांढरी पाकिटं निघायची. रिकामं झालेलं पाकीट आई हुकं आणि बटणं ठेवायला शिवणाच्या डब्यात टाकायची. मामाने पुढे सिगारेट सोडली. पाकिटं डब्यात बरीच वर्षं टिकली.

आता यातली मेख अशी की, माझ्या गाडीवर त्या सिगारेटचं नाव कुठेच नव्हतं. एक अक्षरही नव्हतं. तरीही फॉर्म्युला वनची एकही शर्यत न पाहिलेल्या बाईने तीन सेकंदांत जाहिरात ओळखली. माझ्या कामावर आजवर मिळालेलं हे सगळ्यात नेमकं परीक्षण होतं. ते मला आवडलं नाही, म्हणून त्याच्याबद्दल लिहितो आहे.

डब्यात काय असतं आणि काय नसतं

ज्यांनी हा प्रकार कधी पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. डबा उघडला की प्लास्टिकच्या जाळीसारख्या चौकटींना लटकलेले छोटे छोटे भाग मिळतात. ते कापायचे, कडा घासायच्या, फटींमध्ये लांबी भरायची, पॉलिश पेपर मारायचा, प्रायमर द्यायचा, मग एअरब्रशने रंग. पावसाळ्यात यातलं निम्मं काम बंद ठेवावं लागतं, कारण दमट हवेत लॅकर मारला की त्यावर दुधाळ साय धरते. रंग वाळला की डिकल लावायचे. डिकल म्हणजे छापील अक्षरं आणि चिन्हं असलेली पातळ फिल्म. ती कागदासकट पाण्यात भिजवायची, सुटली की ब्रशने गाडीवर सरकवायची. शेवटी सगळ्यावर क्लिअरचे थर, आणि ते घासून घासून आरशासारखे करायचे.

माझ्या डब्यातल्या डिकलच्या पानावर होंडा होतं, शेल होतं, गुडइयर होतं. मार्लबोरो नव्हतं. खऱ्या गाडीवर ते सगळ्यात मोठं नाव होतं. गाडीचे रंगच त्या पाकिटावरून घेतलेले. पण आज खेळण्यांच्या दुकानात विकल्या जाणाऱ्या वस्तूवर तंबाखूचं नाव छापता येत नाही, म्हणून त्या जागी नुसता पांढरा पत्रा. यावर तोडगाही आहे. छोटे छोटे उत्पादक गाळलेल्या नावांची पानं वेगळी छापून विकतात. हौशी लोक ती मागवतात, आणि कंपनीने सोडलेली जागा भरून काढतात. हे करताना आमच्या तोंडी एकच शब्द असतो: अचूकता. गाडी जशी होती तशी दिसली पाहिजे.

मीही एक पान मागवलं होतं. आईने गाडी पाहिली तेव्हा ते टपालात होतं.

फॉर्म्युला वनमध्ये तंबाखूचा पैसा ठळकपणे आला तो १९६८ मध्ये. त्याआधी गाड्या बहुधा देशाच्या रंगात धावत, ब्रिटिश गाडी हिरवी, इटालियन लाल. त्या वर्षी लोटसने आपली गाडी गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगात रंगवली. चार वर्षांनी तोच संघ जॉन प्लेयर स्पेशलच्या काळ्या-सोनेरी रंगात आला आणि एमर्सन फिटिपाल्डी विश्वविजेता झाला. जगातल्या सर्वांत देखण्या शर्यतीच्या गाड्यांच्या कुठल्याही यादीत ती काळी लोटस असते. ते सौंदर्य एका पाकिटाचं आहे, हे आपण विसरून जातो.

युरोपीय संघाची बंदी ३१ जुलै २००५ पासून लागू झाली. पण नाव झाकण्याची कला त्याआधीच तयार होती. ब्रिटनसारख्या देशांतल्या शर्यतींना मॅक्लारेनच्या गाड्या नाव काढून धावायच्या, रंग तेच ठेवून. पुढे फेरारीने नावाच्या जागी बारकोडसारख्या रेषा ओढल्या, आणि त्यावर ओरड झाल्यावर २०१० मध्ये त्या काढल्या. आपल्याला हे समजावून सांगायला नको. १९९६ चा क्रिकेट विश्वचषक विल्सच्या नावाने झाला, आणि आज वेलचीची किंवा पान मसाल्याची जाहिरात लागली की ती नक्की कशाची आहे हे शाळकरी पोरालाही कळतं. नाव गाळणं ही जाहिरातीची माघार नसते. लोकांना ओळख पुरेशी पक्की झाली आहे, आता नावाची गरज नाही, अशी ती खात्री असते. आईने तीन सेकंदांत हीच खात्री खरी करून दाखवली.

कोणता लाल?

माझी पहिली प्रतिक्रिया बचावाची होती. मी तिला म्हणालो, "आई, हा पाकिटाचा लाल नाहीच आहे."

हे खरं आहे, आणि गोष्ट इथे जास्त रंजक होते. मॅक्लारेनचा लाल नारिंगीकडे झुकणारा, फ्लुरोसंट होता. रस्त्याचं काम करणाऱ्यांच्या जॅकेटच्या जातीचा. पाकिटाचा लाल जसाच्या तसा गाडीला दिला असता तर त्या काळच्या टीव्हीवर तो मंद दिसला असता. पडद्यावर पाकिटासारखा दिसावा म्हणून गाडीला वेगळाच लाल दिला गेला. म्हणजे जिथे गाडी प्रत्यक्ष होती तिथे रंग चुकीचा होता, आणि जिथे कोट्यवधी लोक पाहत होते तिथे बरोबर.

आता मॉडेल करणाऱ्याने कोणता लाल मारायचा? किटच्या कागदावर फ्लुरोसंट लाल सांगितलेला असतो. तो पांढऱ्या थरावरच उठतो, आणि उन्हात ठेवला तर काही काळाने विटतो. यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. काही जण गाडीचा लाल मागतात, काही जण फोटोतला. मीही या वादात हिरिरीने पडलेलो आहे. पण दोन्ही बाजू एक गोष्ट धरूनच चालतात, की रंग कसा दिसावा याचा अंतिम निकाल ज्याने पैसे मोजले त्याचा आहे. खुद्द शर्यतीत तो रंग कसा झाला, तेल, रबर, पाणी यांनी त्याचं काय केलं, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

वीसपटीचा हिशोब

मी इंजिनिअर आहे, त्यामुळे नाराज झालो की हिशोब मांडतो. त्या रात्री मांडला.

माझ्या गाडीवर रंग आणि क्लिअर मिळून थर साधारण ०.१ मिमीचा असेल. वीसने गुणा. खऱ्या गाडीवर तो २ मिमी झाला. कुठलाही संघ आपल्या गाडीवर २ मिमी जाडीची काच चढवणार नाही. शर्यतीच्या गाडीत रंगाचंही वजन मोजलं जातं. मागच्या पंखाची कड किटमध्ये १ मिमी असेल तर ती खऱ्यात २ सेमीची फळी. कार्बन फायबरचं तसंच. मॅक्लारेननेच १९८१ मध्ये जॉन बर्नार्ड यांच्या एमपी४/१ मधून कार्बन फायबरचा सांगाडा फॉर्म्युला वनमध्ये आणला. त्या कापडाच्या विणीचा चौकोन २ मिमी धरला तर १/२० मध्ये तो ०.१ मिमी, म्हणजे डोळ्यांना जवळपास अदृश्य. आम्ही मात्र वीण स्पष्ट दिसेल असे डिकल लावतो, आणि ती दिसली की खूश होतो.

अंतराचंही पाहा. गाडी हातभर अंतरावरून, म्हणजे अर्ध्या मीटरवरून पाहणं हे खरी गाडी १० मीटरवरून पाहण्यासारखं आहे. १० मीटरवरून ना वीण दिसते, ना रिव्हेट, ना इंजिनच्या वायरी. तरी मी व्ही-सिक्स इंजिनला ०.४ मिमीच्या वायरी जोडल्या, ज्या झाकण बसवल्यावर कोणालाही दिसत नाहीत. या कामाची मला लाज नाही. न दिसणारं काम नीट करण्यात एक समाधान असतं, कोड लिहिणाऱ्यांना ते ठाऊक आहे. पण याला अचूकता म्हणू नये. प्रमाणात काय बसवायचं, काय मोठं करायचं, काय सोडायचं, ही निवड असते. आणि निवड म्हटली की तिच्यामागे मत असतं.

हे मला लहानपणी कळत होतं. दिवाळीत सोसायटीच्या मागे आम्ही मातीचा किल्ला करायचो. बुरूज गुडघ्याएवढा, तोफ बोटाएवढी, मावळा तोफेपेक्षा उंच, आणि सिंहासनावरचे महाराज दरवाजात मावणार नाहीत इतके मोठे. कोणीही कधी प्रमाण चुकलं म्हटलं नाही. जे महत्त्वाचं ते मोठं, हा नियम सगळ्यांना मान्य होता. किल्ला काय म्हणतो आहे ते लांबूनही कळायचं.

मग आमच्या गाड्या काय म्हणतात? त्यांच्यावर प्रमाणाबाहेर मोठी गोष्ट एकच आहे: चकाकी. २ मिमी जाडीची, आरशासारखी, शून्य ओरखड्यांची. स्पर्धेत गुण तिला, फोटोत लाइक्स तिला. किल्ल्याच्या नियमाने वाचलं तर आम्ही सांगतो आहोत की या गाडीत सगळ्यात महत्त्वाचा तिचा पृष्ठभाग. आणि पृष्ठभाग ही गाडीतली एकमेव गोष्ट आहे जी भाड्याने दिलेली होती.

रणगाड्यावर कोणाची जाहिरात नसते

याच छंदातली दुसरी शाखा पाहा. रणगाडे करणारी मंडळी चकाकीला घाबरतात. तेलरंगाचे ओघळ, गंज, चाकांत अडकलेला चिखल, उन्हाने उडालेला रंग, यांवर त्यांनी अख्खं शास्त्र उभं केलं आहे. त्यांचा रणगाडा पाहिला की तो कुठून आला आहे याचा अंदाज येतो. शर्यतीची गाडीही दोन तास यंत्र आणि माणूस यांची परीक्षा घेते. समोरच्या गाडीने उडवलेलं रबर, वाळू, किडे, ब्रेकची काळी भुकटी, सगळं तिच्यावर बसतं. तरी कपाटातल्या आमच्या गाड्या शर्यतीला गेल्याच नाहीत असं वाटतं.

याचं कारण मला आता सरळ दिसतं. रणगाड्यावर कोणाची जाहिरात नसते. गाडी शर्यतीआधी पुसून लखलखीत करतात, कारण अक्षरं टीव्हीवर वाचता आली पाहिजेत. आम्ही त्याच क्षणाचे फोटो पाहून गाडी बनवतो आणि समजतो की आपण इंजिनिअरच्या नजरेने पाहतो आहोत. नजर जाहिरातवाल्याची असते. किटच्या डब्यावरही पांढऱ्या पार्श्वभूमीवर गाडी एकटी असते, खाली रस्ता नसतो. दुकानाच्या काचेतली वस्तू अशीच दिसते.

याला अपवाद आहेत, आणि ते बहुतेक ल मां या चोवीस तासांच्या शर्यतीचे आहेत. १९९१ मध्ये ती शर्यत माझदा ७८७बीने जिंकली, ३६२ फेऱ्या मारून. हिरव्या-नारिंगी रंगाची ही गाडी टामियाच्या १/२४ किटमध्ये मिळते, आणि काही जण ती शर्यत संपल्यानंतरची करतात: नाकावर किडे, दिव्यांच्या काचेवर धूळ, बाजूंवर रात्रभराची काजळी. अशी गाडी पाहिली की मला आधी काळ दिसतो. कोणीतरी तिच्यात रात्र काढली आहे. प्रायोजकाचं नाव त्यानंतर दिसतं, काजळीतून.

चकाकीच्या बाजूनेही एक गोष्ट म्हटली पाहिजे, कारण ती मला स्वतःला भिडते. १ मे १९९४ रोजी सेना इमोलाच्या शर्यतीत गेला. आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर रोलंड रॅट्झेनबर्गर गेला होता. सेनाच्या त्या विल्यम्सवर रॉथमन्स सिगारेटचे निळे-पांढरे रंग होते. लोक ती गाडीही बनवतात, आणि तीही लखलखीत बनवतात. याला मी नुसता जाहिरातीचा प्रभाव म्हणणार नाही. धुतलेली गाडी म्हणजे अजून सुरू न झालेली शर्यत. हिरवा दिवा लागलेला नाही, कोणाचंही काहीही झालेलं नाही. गाडीला त्या क्षणात थांबवून ठेवण्यात माया आहे. पण मायेपोटी थांबवलेला क्षण आणि विक्रीसाठी पुसलेला पत्रा, हे दोन्ही कपाटात सारखेच दिसतात. पाहणाऱ्याला फरक कळावा अशी कुठलीच खूण आम्ही ठेवत नाही. हा आमच्या कामाचा दोष आहे.

सिल्व्हरस्टोन

टपाल आलं. पानावर ती ओळखीची अक्षरं, उत्तम छपाई, कडा धारदार. अचूकतेच्या नावाने ती लावायला हवी होती. न लावणं हीसुद्धा सफाईच, इतिहास धुऊन काढणं. दोन दिवस पान पुस्तकात दाबून ठेवलं. लावलं तर पाकीट पूर्ण होतं. नाही लावलं तरी आईने पाकीटच पाहिलं होतं. म्हणजे नावाचा प्रश्नच चुकीचा होता.

मग मला १९८८ चीच एक शर्यत आठवली. १० जुलै, सिल्व्हरस्टोन, ब्रिटन. त्या मोसमात सोळापैकी फक्त याच शर्यतीत पहिल्या जागेवरून सुटायचा मान मॅक्लारेनला मिळाला नव्हता, तो फेरारीच्या गेरहार्ड बर्गरने घेतला होता. शर्यतीच्या दिवशी पाऊस होता. पुढच्या गाड्यांच्या फवाऱ्यात समोरचं काही दिसत नव्हतं. प्रोस्तने शर्यत अर्ध्यावर सोडली. सेना जिंकला. आणि जागा होती ब्रिटन, जिथे गाडी नाव काढून धावायची. डब्यातली माझी बिननावाची गाडी या एका दिवसाशी जुळत होती. फक्त ती कोरडी आणि स्वच्छ असायला नको होती.

सहा महिन्यांची चकाकी घालवायला एक शनिवार लागला. पहिला हात मारताना पोटात गोळा आला होता, हे मान्य करतो. बारीक पॉलिश पेपरने क्लिअरची धार उतरवली. पातळ केलेला राखाडी तेलरंग पुढच्या चाकांमागून मागे ओढला, वाऱ्याच्या दिशेने. मागच्या पंखाखाली काजळी. गुळगुळीत टायर काढून एका जुन्या किटमधले खोबणीचे टायर बसवले. पाण्याचे थेंब करायचा मोह आवरला, कारण २ मिमीचा थेंब १/२० मध्ये ०.१ मिमी होतो, आणि त्याहून मोठा केला तर गाडीवर काचेचे गोळे ठेवल्यासारखे दिसतील. त्याऐवजी काही भाग ओलसर चमकते ठेवले आणि बाकी मंद. फ्लुरोसंट लाल त्या राखाडीखाली विटकरी झाला. तो कुठल्याच पाकिटाचा लाल राहिला नाही.

काम चांगलं झालं का? पूर्ण नाही. डाव्या बाजूचे ओघळ जास्त झाले आहेत. पावसात गाडी चिखलाने माखत नाही, पाण्याने धुपते, आणि हा फरक मला सगळीकडे पकडता आलेला नाही. नाव गाळल्याचा प्रश्नही पुरता सुटलेला नाही. उद्या याच गाडीची मोनॅकोची आवृत्ती केली तर नाव लावावं लागेल, आणि मी ते लावेन, पण मग त्या अक्षरांवरही काजळी चढेल. नाव ठेवायचं आणि शर्यत पुसायची, हा सौदा मला आता मान्य नाही.

रविवारी गाडी पुन्हा टेबलावर ठेवली. या वेळी हाक मारली नाही. आई भाजी निवडायला येऊन बसली, गाडी थोडी बाजूला सरकवली, मग थांबून पाहिलं.

"केवढी घाण झाली रे गाडी. पावसातून आणलीस का?" ती म्हणाली, आणि पुसायला पदर पुढे केला.

मी तिचा हात धरला.